दार उघडं ठेवून

गिरणगावाचं सध्या फार कौतुक चाललंय. गिरण्या बंद पडल्या, बहुतेक चिमण्या पाडल्या, त्या जागी टॉवर आणि मॉल आले. आता त्याच टॉवरच्या सावलीत बसून लोक गिरणगावच्या संस्कृतीवर गहिवरून बोलतात. भजनी मंडळं, बाल्यानाच, शाहिरांचे फड, खानावळवाल्या बाया, एका खोलीत पाळीपाळीनं झोपणारे गडी. ‘साधी माणसं, पण मनानं केवढी मोठी!’ असं म्हणतात आणि चहाचा घोट घेतात.

मला या वाक्याचा राग येतो. वाक्य खोटं आहे म्हणून नव्हे. माणसं मोठी होतीच. मग राग का येतो? तेच शोधायला बसलोय. प्रश्न साधा आहे. साध्या माणसांतला थोर कुणाला म्हणायचं? आणि त्याला थोर म्हणून झाल्यावर आपलं काम संपतं का?

मी भिवंडीत सायझिंगमध्ये काम करतो. सुताला खळ लावायची, बीम भरायचे, ते पुढं लूमवर जातात. शिक्षण नववी नापास. पुढचं जे काही शिकलो ते रद्दीच्या दुकानात आणि रात्रपाळीनंतरच्या सकाळी. तेव्हा मोठमोठ्या तत्त्ववेत्त्यांची नावं माझ्याकडं मागू नका. माझ्याकडं सूत आहे, भाकरी आहे आणि एक दार आहे. त्यावरूनच बोलतो.

आधी सुताचं.

आमचं घराणं तीन पिढ्या गिरणीतलं. पणजा गिरणीत होता, पण साळखात्यात त्याला पाय ठेवता आला नाही. कारण तुम्हाला ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगतो, कारण टॉवरखाली बसलेले ते सांगत नाहीत. कांडीवरचं सूत संपलं की धोट्यात नवी कांडी घालायची आणि धोट्याच्या भोकाला तोंड लावून सूत ओढून घ्यायचं. आता त्याच धोट्याला अस्पृश्याचं तोंड लागलं तर? म्हणून साळखातं बंद. पगार तिथं जास्त, म्हणून तर दार तिथंच घट्ट लावलेलं. आमची माणसं कताईत, रिंगवर, नाहीतर झाडलोटीला. पाण्याचं भांडंही वेगळं.

हे मालकानं एकट्यानं केलं असतं तर गोष्ट सोपी होती. धोट्याला तोंड लावणारा सवर्ण माणूस मालक नव्हता. तो कामगारच होता. रात्री चाळीत गोड आवाजात अभंग म्हणणारा, गावाकडं मनिऑर्डर धाडणारा, शेजारच्याच्या मयतीला खांदा देणारा. साधा माणूस. मनानं मोठा. आणि त्याच्या ओठांना आमच्या ओठांचा विटाळ.

1928 च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला. साळखात्याची बंदी उठवा ही मागणी मागण्यांच्या यादीत घाला, असं बजावलं. पुढाऱ्यांनी ती घातली, पण कुरकुरतच. त्या वेळी बाबासाहेब परळच्या बी.आय.टी. चाळीत, दोन खोल्यांत राहत होते. म्हणजे या साध्या माणसांच्या शेजारीच. त्यांचा चांगुलपणा त्यांनी पाहिला नसेल का? पाहिलाच असणार. पण ‘तुम्ही मनानं मोठे आहात, आमच्या पोरांना धोट्याला हात लावू द्या’ अशी विनवणी त्यांनी केली नाही. त्यांनी कागदावर मागणी लिहायला लावली. उघड, सगळ्यांना दिसेल अशी. इथं मला पहिल्यांदा काहीतरी सापडलं. ते हातात धरून पुढं जातो.

त्याच गिरणगावात दोन गोष्टी घडल्या. दोन्ही खऱ्या आहेत, दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघा.

एक गोष्ट गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराची. त्याला रस्त्यावर टाकलेलं एक तान्हं पोर सापडलं. पोराची जात कुणाला ठाऊक? त्यानं ते उचललं, घरी आणलं, त्यानं आणि काशीबाईंनी वाढवलं. नुसतं वाढवलं नाही, स्वतःचं नाव दिलं. ते पोर म्हणजे नारायण गंगाराम सुर्वे, कवी. पुढं 1962 मध्ये त्यांचा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा संग्रह आला तेव्हा महाराष्ट्रानं ते नाव वाचलं. मला मात्र मधलं नाव वाचताना थांबायला होतं. पोराला भाकरी देऊन गंगाराम मोकळा होऊ शकला असता. बेवारस पोर म्हणून ओसरीवर ठेवू शकला असता. त्यानं चारचौघांत सांगितलं, हा माझा मुलगा.

दुसरी गोष्ट 1974 ची. जानेवारीत वरळीच्या बी.डी.डी. चाळींत दंगल पेटली. 10 जानेवारीला परळमध्ये निघालेल्या मोर्चावर वरून दगड आले, आणि वरून टाकलेल्या पाट्यानं भागवत जाधव हा आपला पँथर मेला. पाटा म्हणजे काय? ज्याच्यावर रोज घरात चटणी वाटतात तो दगड. तो स्वयंपाकघरातून उचलायचा आणि खिडकीतून खाली चालणाऱ्याच्या डोक्यात घालायचा.

गिरणगावची संस्कृती म्हणाल तर या दोन्ही गोष्टी तिच्यातल्याच. एक घ्या आणि दुसरी सोडा, असं चालणार नाही. कौतुक करणारे गंगाराम घेतात आणि पाटा लपवतात. आपल्यातले काही जण पाटा घेतात आणि गंगाराम विसरतात. दोघांचंही चुकतंय असं मला वाटतं.

आता माझ्या आजीचं सांगतो.

आजी आठ गड्यांची खानावळ चालवायची. एकच खोली, दहा बाय बारा. आठही गडी आपलेच, आमच्या तालुक्यातले. दुसरं कोण येणार? गिरणगावच्या खानावळीचं कौतुक करताना हे सांगत नाहीत की खानावळी बहुतेक गावागावाच्या आणि जातीजातीच्या होत्या. आजीच्या चुलीवरची भाकरी जिन्याच्या पलीकडं जात नव्हती.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आज्या रिंगवर होता, तोही. पावसाळा आला तोवर चाळ अर्धी रिकामी झाली होती. ज्यांना गावाकडं तुकडाभर जमीन होती ते गेले. आमची जमीन कुठली? आम्ही तिथंच. गावाकडून भावानं धाडलेल्या ज्वारीवर आजी कसंबसं रेटत होती.

एका रात्री दारावर थाप पडली. पलीकडच्या चाळीतला एक गडी. साळखात्यातला, सवर्ण, आज्याच्या ओळखीचा. दोन दिवस पोटात काही नव्हतं. म्हणाला, “वहिनी, काय आसंल ते द्या. पर दार लावा.”

आजीनं दार लावलं. भाकरी, लाल चटणी, वर सुकटीचं कालवण. तो खाली मान घालून जेवला आणि अंधारातून निघून गेला.

दुसऱ्या रात्री पुन्हा आला. पुन्हा म्हणाला, दार लावा. आजी म्हणाली, “भाकरी हाय. वाढते. पर आज दार उघडंच ऱ्हाईल.”

तो उभा राहिला. मग काही न बोलता परत गेला.

आज्या आजीवर भडकला. “उपाशी माणसाला अट घालतीस? संपातला गडी हाय त्यो, आपला हाय.” आजी म्हणाली, “आपला हाय तर दार कशापायी लावायचं?”

तीन रात्री तो आला नाही. तीनही रात्री आजीनं दोन भाकऱ्या फडक्यात बांधून बाजूला ठेवल्या. चौथ्या रात्री तो आला. उंबऱ्याच्या आत बसला. दार उघडं होतं. गॅलरीतून लोक येत-जात होते. तो जेवला.

पुढं काय झालं? काही नाही. त्याच्या चाळीत कुणी काय बोललं ते आजीला माहीत नाही. तो कुठं गेला तेही माहीत नाही. संप रीतसर कधी मागं घेतलाच गेला नाही, आज्या पुन्हा गिरणीत गेलाच नाही. ही काही क्रांतीची गोष्ट नव्हे.

पण यात एक अवघड प्रश्न आहे, आणि मी तो कित्येक वर्षं चघळतोय. आजीचं बरोबर होतं का? उपाशी माणसाला अट घालावी का? भूक ही भूक असते. त्याच्या पोटाची अडचण बघून त्याला धडा शिकवणं, हा तर सावकाराचा धंदा झाला. आज्याचा राग खोटा नव्हता.

विशीत असताना मी उलट बाजूनं चिडायचो. म्हणायचो, पहिल्याच रात्री हाकलायला हवा होता साल्याला. ज्यांच्या धोट्याला आमचं तोंड चालत नव्हतं, त्यांच्या तोंडात आमचा घास कशाला?

आता तिशीला टेकलोय, तर वाटतं आजीनं या दोन्हींपेक्षा अवघड गोष्ट केली. पहिल्या रात्री तिनं काहीच अट घातली नाही. उपाशाला आधी घास. तिथं ती माणूसपणाला चुकली नाही. पण दुसऱ्या रात्री तो नुसती भाकरी मागत नव्हता. भाकरीबरोबर तो आणखी एक गोष्ट मागत होता. तुझी भाकरी विटाळ आहे हे तूही मान, आणि माझा विटाळ तुझ्याच हातानं झाक. दार लावणं म्हणजे हे कबूल करणं. भाकरी द्यायला आजी तयार होती, म्हणून तर तीन रात्री बांधून ठेवली. स्वतःच्या अपमानावर स्वतःच अंगठा उठवायला ती तयार नव्हती.

मला सापडलेलं उत्तर असं, की बंद दाराआडचा चांगुलपणा खरा असतो, पण तो अन्यायाला हात लावत नाही. किंबहुना अन्याय त्याच्यावरच जगतो. दिवसा जात पाळायची, रात्री गुपचूप माणूस व्हायचं. मनही स्वच्छ राहतं आणि साळखातंही बंद राहतं. उघड्या दाराच्या चांगुलपणाला किंमत मोजावी लागते. गंगाराम सुर्व्यानं नाव दिलं, ते उघड्या दारानं. 1928 ची मागणी कागदावर आली, ती उघड्या दारानं. आणि त्या चौथ्या रात्री जेवायला बसलेल्या गड्यालाही मी थोर म्हणेन. आजीइतकंच. त्यानंही किंमत मोजली.

आजीसारख्या हजारो बाया होत्या. त्यांना कुणी कामगार धरलं नाही. त्या युनियनच्या यादीत नाहीत, मस्टरवर नाहीत. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि खानावळवाल्या बायांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठं या बायांची नावं बँकेच्या वहीत गेली. ‘अन्नपूर्णा’ म्हणून ओवाळणारे आधीही कमी नव्हते. पण सावकाराच्या व्याजातून ओवाळणी सोडवत नाही. वहीतलं नाव सोडवतं. कौतुक आणि हक्क यांत एवढा फरक आहे. माझा राग कशाचा होता ते मला इथं कळलं.

इथं थांबलो असतो तर लेख सोयीचा झाला असता. पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती माझ्याविरुद्ध आहे.

आमच्या सायझिंगच्या मागं गटार आहे. ते साफ करायला एक पोरगा येतो. माझ्याच वयाचा, आपल्यापेक्षाही खाली ढकललेल्या जातीचा. एकदा त्यानं डबा उघडला आणि मला म्हणाला, “ये भाऊ, खा.” बरोबरचे चौघे बघत होते. त्यातले दोघे रोज जय भीम करणारे. मी म्हणालो, “भूक नाही.” चौघे पाळीवर गेल्यावर मी त्याच्याकडं गेलो आणि दोन घास खाल्ले. तो हसला. काही बोलला नाही. त्याच्याजवळ लावायला दारही नव्हतं. दार मी माझ्या मनात लावून घेतलं होतं.

घरी जाताना आजी आठवली. मी त्या गड्यासारखाच पहिल्या रात्रीचा माणूस निघालो. आणि माझ्याकडं त्याच्यासारखी उपासमारीची सबबसुद्धा नव्हती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी माझा डबा घेऊन त्याच्या शेजारी बसलो. चौघांसमोर. एक जण उठून गेला. तीन बसले. एवढंच झालं.

तेव्हा दोस्तहो, थोर माणसं शोधायला लांब जाऊ नका, आणि सापडली की त्यांचे फोटो लावून मोकळेही होऊ नका. आपल्या शाखेत, आपल्या चाळीत, आपल्या घरात कुठलं दार लावलेलं आहे ते आधी बघा. आपल्या बाया बैठकीला येतात की फक्त चहा आत पाठवतात? पोटजातीचं लग्न ठरलं की आपण पत्रिका छापतो की गुपचूप उरकतो? आपल्या खालच्यानं डबा पुढं केला की आपली भूक जाते कुठं?

वाचून झाल्यावर मला शिव्या द्यायच्या असतील तर जरूर द्या. पण उघड द्या.

जय भीम.