खांड कुणी पाडली?

आमच्या खारेपाटात बांध फुटला की पहिला प्रश्न हाच, खांड कुणी पाडली? उधाणाचं खारं पाणी शेतात घुसलेलं असतं, भात करपायला लागलेलं असतं आणि माणसं बांधावर उभी राहून भांडत असतात. कुणी म्हणतो, कोलंबीवाल्यानं उघाडी उघडी ठेवली. कुणी म्हणतो, ठेकेदारानं माती कमी टाकली. जुनी माणसं मात्र आधी खाली वाकून बांधाचं पोट बघायची. पुष्कळदा तिथं खेकड्याचं बीळ सापडायचं, मनगट जाईल एवढं. आणि ते बीळ ज्याच्या शेतापुढं असायचं त्यानं ते चार महिने रोज बघितलेलं असायचं.

हे सांगायचं कारण असं, की एसटीत बसा, चावडीवर बसा, नाहीतर लग्नाच्या मांडवात बसा, बोलणं फिरून फिरून दोन गोष्टींवर येतं. एक, पुढाऱ्याचा पोरगा पुढारी होतो आणि आपला पोरगा बारावी होऊन कंपनीच्या गेटवर उभा राहतो. दुसरी, मोर्चे काढून काय होतं, काही होत नाही. दोन्ही गोष्टी मीही बोललो आहे, मोठ्या आवाजात बोललो आहे. मी दहावी शिकलेला शेतकरी आहे, मोठा विचारवंत नाही. पण या दोन गोष्टींचा माझ्यापुरता हिशेब मला एकदा मांडायचा आहे.

दुसऱ्या गोष्टीपासून सुरुवात करतो.

माझं आजोळ अलिबागच्या खारेपाटात, चरीजवळ. 27 ऑक्टोबर 1933 ला चरीला सभा झाली आणि 25 गावांच्या कुळांनी ठरवलं की खोताची जमीन कसायची नाही. नारायण नागू पाटील पुढारी होते. हा संप सहा वर्षं चालला. शेतकऱ्याचा संप म्हणजे काय, ते शहरातल्या वाचकाला चटकन कळायचं नाही. कारखान्यातला कामगार संप करतो तेव्हा मालकाचं यंत्र थांबतं. कुळानं संप केला की त्याच्याच पोरांच्या ताटातला भात थांबतो. माझा आजा त्या संपात होता. तो सांगायचा, "पोरा, जमीन ओसाड टाकली म्हंजे पोट पन ओसाड टाकाला लागतं." डोंगरातून लाकडाच्या मोळ्या आणून विकायच्या, खाडीत मासे धरायचे, यावर त्यांनी दिवस काढले. 1934 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला येऊन गेले. 1937 मध्ये त्यांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात मांडलं. 1939 मध्ये संप मिटला. पण खोती कायद्यानं गेली ती 1949 नंतर, आणि कसणारा मालक झाला तो 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनाला. म्हणजे सभेपासून सातबाऱ्यावर नाव लागेपर्यंत 23 वर्षांहून जास्त काळ. या मधल्या काळात किती माणसं "काय होत नाय" म्हणून हताश झाली असतील! पण झालं.

दुसरी आठवण माझी स्वतःची. 16 आणि 17 जानेवारी 1984. उरणकडं जासई आणि नवघरला जमिनीच्या भावासाठी शेतकरी उभे राहिले, दि. बा. पाटील त्यांचे नेते. गोळीबार झाला, पाच माणसं गेली. मी तेव्हा विशीतला होतो. ती बातमी आमच्या गावात आली तेव्हा भर दुपारी चूल पेटली नव्हती, एवढं मला आठवतं. त्या लढ्यामुळं पुढं साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं धोरण आलं. ज्यांना ते भूखंड मिळाले त्यांतल्या काहींनी ते विकूनही टाकले. पण देणाऱ्याला द्यावं लागलं, हे खरं.

तिसरी महामुंबई सेझची. उरण, पेण, पनवेल या तीन तालुक्यांतल्या 45 गावांवर ती टांगती तलवार होती. एन. डी. पाटलांसारखा वयोवृद्ध माणूस गावोगाव फिरला. शेवटी 21 सप्टेंबर 2008 ला पेण तालुक्यात हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या गावांत सरकारनं शेतकऱ्यांचं मत घेतलं. जमीन द्यायची का नाही, ते शेतकऱ्यालाच विचारलं. पुढल्या वर्षी मुदत संपली आणि संपादन बारगळलं. त्या काळात मी सभांतून बोलायचो. माझं एक वाक्य ठरलेलं होतं, "पुढाऱ्यांनी आपल्या सोयऱ्याधायऱ्यांचं भलं केलं, आता गावाचं कोण करणार?" टाळ्या पडायच्या.

आता पहिल्या गोष्टीवर येतो, आणि इथं मला जरा थांबून लिहावं लागतंय.

सेझ गेली त्याच्या पुढल्या साली मी आमच्या ग्रामपंचायतीत सदस्य होतो. मोर्च्यातल्या भाषणांनीच मला निवडून आणलं होतं. नळाचं पाणी सोडायला माणूस नेमायचा होता. पगार थोडा, पण कायमची नोकरी. तीन अर्ज आले. एक अर्ज गावातल्या एका विधवा बाईच्या मुलाचा. आयटीआयला वायरमन झालेला, मोटर उघडून परत बसवणारा. दुसरा अर्ज माझ्या भाच्याचा. बहीण आदल्या रात्री घरी आली. तिनं काही मागितलं नाही. नुसती ओटीवर बसली आणि म्हणाली, "दादा, तुझ्या मनात असंल तसं कर." भावाला यापेक्षा जास्त काय सांगायचं असतं? सकाळी भाच्याच्या नावाचा ठराव झाला. सूचक मीच.

मी स्वतःला समजावलं. कायद्यात ठेक्यात हितसंबंध असलेला सदस्य अपात्र होतो, आणि मी ठेका तर घेतला नव्हता. पैसे खाल्ले नव्हते. बिनबापाच्या भाच्याला पोटाला लावलं, एवढंच. मंत्रालयात जे चालतं त्यापुढं हे काय?

दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये मोटर जळाली. पाणी नसताना ती रात्रभर चालू राहिली होती. भाचा हळदीला गेला होता. अकरा दिवस गावातल्या बायांनी जुन्या विहिरीवरून पाणी आणलं. आणि त्याच महिन्यात ग्रामपंचायतीत एक अर्ज आला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावलेला. माहितीच्या अधिकाराखाली तीनही अर्जांची आणि ठरावाची प्रत मागितली होती. अर्जदार तोच मुलगा, विधवा बाईचा. ग्रामसेवकानं प्रत तयार करताना मला दाखवली. खाली माझी सही. दहावीला मास्तर म्हणायचे, तुझं अक्षर चांगलं आहे.

2005 चा तो कायदा काही आभाळातून पडला नव्हता. राजस्थानातल्या शेतमजुरांनी मजुरीचे कागद मागितले, आपल्याकडं अण्णा हजाऱ्यांनी उपोषणं केली, तेव्हा तो आला. मी मोर्च्यात त्याचं गुणगान केलं होतं. आंदोलनानं काय होतं, हे मला त्या दिवशी कळलं. ते फिरून आपल्या दारातही येतं.

त्या मुलानं पुढं काही केलं नाही. तक्रार नाही, कोर्ट नाही. तो पनवेलला कामाला लागला. त्याची आई एकदा बांधावर भेटली. म्हणाली, "भाऊ, तुमी सेझच्या सभंला लय चांगलं बोललाव." बस, एवढंच. शिवी दिली असती तर मी विसरलो असतो.

तेव्हापासून "आपला माणूस" हा शब्द मला टोचतो. आपल्या जिल्ह्याचंच बघा. बॅरिस्टर अंतुले आंबेतचे. मुख्यमंत्री झाले, 1 जानेवारी 1981 ला कुलाब्याचा रायगड केला. निराधारांसाठी योजना आणली, तिचे पैसे आजही माझ्या गावातल्या म्हाताऱ्यांना मिळतात. पण सिमेंट आणि ट्रस्टच्या देणग्या यांचा संबंध उच्च न्यायालयानं जोडला आणि जानेवारी 1982 मध्ये त्यांना खुर्ची सोडावी लागली. त्या वेळी आमच्याकडं पुष्कळ जण म्हणत होते, "असंल काय केलं तर, माणूस आपला हाय." निराधाराला दिलं ते चांगलं, म्हणून दुसरं झाकायचं का? माझं मत असं, की दोन्ही वहीत लिहायची, जमा जमेला आणि खर्च खर्चाला. एकानं दुसरं खोडायचं नाही.

घराणी म्हणाल तर ती सगळ्या रंगांच्या झेंड्यांखाली आहेत. चरीच्या संपाच्या नारायण नागूंचे मुलगे आणि नातवंडं आमदार झाली. सुनील तटकरे खासदार, मुलगी आदिती मंत्री, मुलगा अनिकेत विधान परिषदेवर होता. पनवेलला रामशेठ ठाकूर खासदार होते, मुलगा प्रशांत आमदार. यातलं कोण लायक, कोण नालायक, हे मी इथं ठरवत नाही. लोकांनी मतं दिली आहेत आणि ती आपणच दिली आहेत. शेतकऱ्याचा पोरगा शेतकरी होतो, कोळ्याचा पोरगा होडी घेतो. मग पुढाऱ्याच्या पोरानं काय घोडं मारलं? पण शेत माझं असतं, होडी कोळ्याची असते. खुर्ची कुणाच्या बापाची नसते. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे. वारस लायक आहे का, हा प्रश्न पुढचा. आधी विचारायचं, दुसऱ्याला दारात उभं तरी राहू दिलं का? माझा भाचा समजा सोन्यासारखं काम करता, तरी त्या वायरमन पोराचा अर्ज मी वाचलाच नव्हता, हे पाप राहिलंच असतं.

हे सगळं लिहिणं सोपं आहे. मागच्या निवडणुकीत सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं. पॅनलवाले माझ्याकडं आले, तुमच्या सुनेला उभी करा. सून पदवीधर आहे, बचत गट चालवते, हिशेबाला पक्की. मी म्हटलं, आधी गावात आणखी कोण इच्छुक आहे ते बोलवा, सगळ्यांना बोलू द्या. ते हसले. म्हणाले, "भाऊ, निवडणूक हाय, वक्तृत्व स्पर्धा नाय." मी नकार दिला.

रात्री सुनेनं भाकऱ्या थापता थापता विचारलं, "बाबा, तुमच्या चुकीची शिक्षा मला का?"

मला उत्तर आलं नाही. तिचं खरं होतं. नात्यामुळं द्यायचं नाही, तसं नात्यामुळं अडवायचंही नाही. तिला म्हटलं, तुला उभं राहायचं तर राहा, मी दारोदार फिरणार नाही आणि पत्रकावर माझं नाव नको. ती पॅनलशिवाय उभी राहिली आणि पडली. त्या विषयावर ती अजून माझ्याशी धड बोलत नाही. मी बरोबर केलं का? खरंच सांगतो, मला अजून खात्री नाही. पण भाच्याच्या वेळी मला रात्री झोप चांगली लागली होती, आणि ती झोपच चुकीची होती, एवढं आता कळतं.

आमच्याकडं पूर्वी जोळाची पद्धत होती. ज्याची जेवढी जमीन, तेवढी त्यानं बांधाची राखण करायची. खांड पडली की सगळा गाव चिखलात उतरायचा, रात्र असो, पाऊस असो. मोर्चा मला तसा वाटतो. पाणी घुसल्यावर सगळ्यांनी मिळून खांड बांधायची, आणि ती बांधली जाते, चरीनं बांधून दाखवली. पण जोळाचं निम्मं काम उधाण नसताना असायचं. ज्यानं त्यानं आपापल्या शेतापुढचा बांध चालत जाऊन बघायचा आणि बीळ दिसलं तर त्याच दिवशी चिखलाचा गोळा घालून बुजवायचं.

अमावास्या जवळ आली की मी अजून संध्याकाळी बांधावर फेरी मारतो. गुडघे दुखतात, वाकवत नाही. तरी वाकतो.