ढिगाखालचा ओला दाणा

नागपूरच्या पूर्वेकडील कळमना येथील कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात धान्य येते, मिरची येते आणि अंबिया व मृग अशा दोन्ही बहरांत संत्र्यांचे ढीग लागतात. लिलाव आटोपला की कोणाच्या ना कोणाच्या तोंडून निघतेच की, काल विकले असते तर बरे झाले असते. हा पश्चात्ताप उघड बोलला जातो. दुसरा एक पश्चात्ताप असतो, तो मात्र सहसा ओठांवर येत नाही. वरच्या थरात मोठी, रंगदार फळे मांडून खाली डागी माल दडविला, वजनात थोडे मारले, हमालाच्या मजुरीतले दहा-वीस रुपये उगाच कापले. हे कोणत्याही बाजारात घडू शकते, कळमन्यावर तो ठपका नाही.

पहिल्या प्रकाराविषयी अल्लाहचे प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण ‘सहीह मुस्लिम’मध्ये आली आहे. आपल्या हिताच्या गोष्टीसाठी झटावे, अल्लाहकडे मदत मागावी, आणि तरीही काही विपरीत घडले तर ‘असे केले असते तर’ याच्या मागे लागू नये, कारण या ‘जर-तर’मधून सैतानाला वाट मिळते. याचा अर्थ आवक-भावाचा अंदाज घेऊ नये असा नव्हे. पुढच्या बहरासाठी अवश्य शिकावे. पण हातून गेलेल्या भावावर रात्र जागून काढणे म्हणजे शिकणे नव्हे. आश्चर्य असे की, गेलेल्या भावासाठी आपली झोप उडते आणि दडविलेल्या मालावर मात्र आपण निवांत झोपतो.

मदीनेच्या बाजारातील प्रसंग बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. प्रेषितांनी (स.) धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. विक्रेत्याने सांगितले की, पावसाने भिजले. त्यावर प्रेषितांनी (स.) विचारले की, ओला माल लोकांना दिसावा म्हणून वर का ठेवला नाही, आणि फसविणारा आपल्यापैकी नव्हे, असे बजावले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. विक्रेत्याचे म्हणणे खोटे ठरविले गेले नाही. पाऊस पडला होता, नुकसान झाले होते, आणि त्यात त्याचा दोष नव्हता. दोष होता तो ओल खाली लोटण्यात. एकाच ढिगात तकदीर आणि कर्म दोन्ही होते. माणूस बहुधा पहिल्याच्या भीतीने दुसऱ्याकडे वळतो. नुकसान सोसवत नाही म्हणून गुन्हा करतो, आणि पुढे हळहळतो तेही नुकसानीवरच.

तौबेसाठी उलेमांनी सांगितलेल्या अटी सर्वपरिचित आहेत. गुनाह सोडावा, त्याची खंत वाटावी, पुन्हा न करण्याचा निश्चय करावा. आणि प्रकरण बंद्याच्या हक्काचे असेल, तर तो हक्क त्याला परत करावा. आपला पश्चात्ताप अडखळतो तो या चौथ्या अटीपाशी. रमजानच्या रात्री डोळे भरून येतात, उमऱ्याचा बेत ठरतो, मदरशाला देणगी जाते. हमालाचे वीस रुपये तेवढे राहून जातात. शहीदाचीही सर्व पापे माफ होतात, पण कर्ज तेवढे राहते, असे हदीसमध्ये आले आहे. मग आपल्या अश्रूंनी ते कसे फिटावे?

खरी अडचण पुढेच आहे. डागी संत्री ट्रकमधून दूरच्या शहरात गेली, किरकोळ गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडली. त्याचे नाव ना गाव ठाऊक. परत कोणाला करायचे? हजरत अब्दुल्लाह इब्ने मसऊद (रजि.) यांच्याविषयीची एक रिवायत येथे वाट दाखविते. एका सौद्याची रक्कम देणे बाकी असता विक्रेता नाहीसा झाला. त्यांनी वर्षभर त्याचा शोध घेतला. तो सापडला नाही, तेव्हा ती रक्कम ते त्याच्या वतीने दिरहम-दोन दिरहम करून गरिबांना वाटू लागले. तो परत आला आणि त्याला हे मान्य नसले, तर दानाचे पुण्य आपले व त्याचे देणे आपल्यावर कायम, अशी त्यांची भूमिका होती. अशी रक्कम आपले दान म्हणून मिरविता येत नाही, कारण ती आपली नव्हतीच. शिवाय आधी वर्षभराचा शोध आहे. रोज सकाळी त्याच फाटकापाशी उभा असणारा हमाल हरवलेला हक्कदार ठरत नाही.

आणि एवढे करूनही मनात सल राहिला तर? सन 6 हिजरीत (इ.स. 628) हुदैबियाच्या तहाच्या वेळी हजरत उमर (रजि.) यांनी प्रेषितांना (स.) परखड प्रश्न विचारले होते. आपल्या त्या बोलण्याच्या धास्तीने पुढे आपण दानधर्म, रोजे, नमाज करीत राहिलो, असे त्यांनीच सांगितल्याचे सीरतच्या ग्रंथांत आहे. खंत होती, पण तिने त्यांना घरात बसविले नाही. याउलट ‘मी इतका वाईट, आता माझे काय होणार’ असे म्हणणारा माणूस कित्येकदा स्वतःची सोयच पाहत असतो. निराश माणसाकडे कोणी देणे मागत नाही. सूरह जुमरमध्ये अल्लाहच्या कृपेविषयी निराश होण्यास मनाई आहे, ती या दृष्टीनेही वाचावी.

घरातील वडीलधाऱ्यांनी एक गोष्ट तरी लवकर करावी. वारसांत वाटणी होण्यापूर्वी मृताचे कर्ज फेडावे, असा कुरआनचा आदेश आहे. परंतु मुलांना हिशेबाच्या वहीत अडत्याची बाकी सापडते, बँकेचा हप्ता सापडतो; कापलेली मजुरी तेथे कधीच लिहिलेली नसते. ती कोणाची, किती आणि केव्हाची, हे आज लिहून ठेवता येते. तो मजूर हयात असेल, तर लिहिण्याचीही गरज नाही.