निनावी टेकड्यांचे ऋण

बऱ्हाणपुरात पाहुणा आला म्हणजे आपण त्याला असीरगड दाखवायला नेतो, आणि ते योग्यच आहे. शहराच्या उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरवर सातपुड्यात उभा असलेला हा किल्ला दख्खनचा दरवाजा समजला जात असे. १६०१ च्या जानेवारीत तो अकबराच्या हाती पडला आणि खानदेशातील फारुकी राज्य संपले. अशा गडावर चढून आलेल्याला घरी सांगण्यासारखे पुष्कळ असते.

गेल्या हिवाळ्यात मात्र आम्ही शब्बाथ शाळेच्या मुलांना घेऊन गडाकडे न जाता शहराजवळच्या साध्या टेकड्यांवर गेलो. तेथे पायऱ्या नव्हत्या की फलक नव्हता. शेळ्यांनी आणि मोळ्या वाहणाऱ्या बायांनी पाडलेली पायवाट साग-पळसांतून वर जात होती. एक टेकडी सरली की पुढे दुसरी, अशा तीन टेकड्या आम्ही चढलो. शेवटच्या माथ्यावर डबे उघडले, तेव्हा एका मुलाने विचारले, "या टेकडीचे नाव काय?" आम्हांला ते ठाऊक नव्हते. तो हिरमुसून म्हणाला, "मग उद्या शाळेत काय सांगू, कुठे चढलो म्हणून?"

आमच्यापैकी एकाने चटकन सांगितले, "नाव नसले म्हणून काय झाले? चांगले काम नावासाठी करायचे नसते." मुलगा गप्प बसला. आम्हांलाही ते उत्तर त्या वेळी बरे वाटले.

परतताना लालबागेजवळचा कुंडी भंडारा मुलांना दाखवला. १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानान यांच्या कारकिर्दीत ही योजना झाली. सातपुड्याच्या उतारांवर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि खडकांच्या भेगांतून तापीकडे झिरपत जातो. ते झिरपणारे पाणी वाटेतच अडवून जमिनीखालच्या बोगद्यातून शहराकडे आणलेले आहे. बोगद्यावर विहिरीसारख्या शंभराच्या आसपास कुंड्या एका ओळीत आहेत. मोट नाही, पंप नाही; केवळ उताराच्या बळावर पाणी चालते. हे सारे ऐकून तोच मुलगा म्हणाला, "म्हणजे हे पाणी आपल्या टेकडीचे?"

त्या टेकडीचे असेल, नाहीतर तिच्या शेजारणीचे. पण ज्या डोंगरांनी शहराला चारशे वर्षे पाणी पाजले, त्यांतल्या एकाचेही नाव आम्हांला येत नव्हते. आणि असीरगड केव्हा कोणी जिंकला, हे मात्र तोंडपाठ होते. तेव्हा माथ्यावर दिलेले ते उत्तर आम्हांला बोचू लागले.

सत्कर्म गुप्तपणे करावे, ही प्रभूची शिकवण आहे. पण ती कोणासाठी आहे? करणाऱ्यासाठी. ज्याला त्या कर्माचा लाभ झाला, त्याने ती शिकवण पुढे करून देणाऱ्याला विसरावे, असे तिच्यात कोठेही नाही. स्वतःचे नाव झाकणे ही नम्रता आहे. दुसऱ्याचे नाव विचारायचेच नाही, ही कृतघ्नता आहे. आपण कितीदा या दोहोंची गल्लत करतो!

आणि ही गल्लत निरुपद्रवी नसते. गडाचा एक बुरूज ढासळला तर लोक हळहळतात. निनावी टेकडीवरची झाडे गेली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. मग पाऊस मुरत नाही, माती घेऊन वाहून जातो. आणि कुंडीतले पाणी उतरल्यावर आपण कारण शोधू लागतो. ज्याला कोणी ओळखत नाही, त्याची काळजीही कोणी घेत नाही.

मंडळीतही हेच घडते. आमच्या येथे एक बाई वर्षानुवर्षे दर शनिवारी मंदिर झाडून चटया घालीत असत. त्या दोन महिने अंथरुणाला खिळल्या. आम्हांला ते कळले केव्हा? एका रविवारी चटया घातलेल्या दिसल्या नाहीत तेव्हा. भेटीला जायचे ठरले, तर त्यांचे पूर्ण नाव नोंदवहीत पाहावे लागले. आजवर होऊन गेलेले सगळे पाळक मात्र आम्हांला क्रमाने सांगता येतात. "देव सर्व पाहतो," असे आम्ही अशा सेवकांबद्दल नेहमी म्हणत आलो. ते खरेच आहे. परंतु देव पाहतो म्हणून आपण पाहू नये, असा त्याचा अर्थ आम्ही केव्हा लावला?

पुढच्या रविवारी आम्ही त्या मुलाला जवळ बोलावले आणि माथ्यावरचे उत्तर चुकले होते, असे सांगितले. तो म्हणाला, "मी सांगितले शाळेत. ज्या डोंगरातून आपल्या गावाला पाणी येते, तिथे चढलो म्हटले."

शिक्षकबंधुभगिनींनो, मुलांना असीरगड अवश्य दाखवा. पण एकदा त्या साध्या पायवाटेनेही न्या. आणि खाली उतरल्यावर, आपल्या मंडळीत चटया कोण घालते, एवढे त्यांना विचारा. उत्तर आले नाही, तर आपण सगळेच मिळून त्या घरी जाऊ या.