राखलेले रान कोणासाठी?

कोयना व चांदोलीची जंगले मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. अशा रानालगतचे गायरान रिसॉर्टसाठी मागितले गेले, तर आपण कोणत्या बाजूस उभे राहावे? ‘ती सरकारी बाब आहे’ असे म्हणून सुटका होत नाही.

राखीव कुरणास अरबीत ‘हिमा’ म्हणतात. इस्लामपूर्व काळी बलवान सरदार स्वतःसाठी हिमा राखीत, प्रेषितांनी (स.) ही मक्तेदारी मोडली. पुढे हजरत उमर (रजि.) यांनी हुनय्य नावाच्या मुक्त गुलामास हिमावर नेमले, तेव्हा दिलेली ताकीद बुखारी शरीफमध्ये आली आहे. मोजके उंट व मेंढ्या असणाऱ्यास आत घ्यावे, मात्र इब्ने औफ आणि इब्ने अफ्फान यांची जनावरे बाहेर ठेवावीत, असा तिचा आशय. हे दोघे कोण? जन्नतची शुभवार्ता लाभलेले सहाबी! त्यांचा काही अपराध नव्हता. जनावरे मेली तरी त्यांना खजुरीच्या बागा आणि शेते होती; गरीब मात्र मुलाबाळांसह खलिफाच्या दारी आला असता.

रोजगाराचा मुद्दा खोटा नाही. पण तो रोजगार विकत घेतलेल्या खासगी जमिनीवरील हॉटेलातही मिळतो. गुराख्याला दुसरे गायरान नाही, गव्याला दुसरे रान नाही.

ग्रामसभेपुढे ठराव येईल, तेव्हा हात वर करण्यापूर्वी एवढे जरूर विचारा, की गायरानच कशाला हवे? ते स्वस्त पडते, याहून वेगळे उत्तर क्वचितच मिळेल.