त्रिकोण पुसा, सिगारेट बघा

बसा. निरीक्षण वह्या मिटा आणि ऐका.

आजचे सराव पाठ मी मागच्या बाकावर बसून पाहिले. मुलांच्या हातात लिअम ओफ्लाहर्टीची ‘द स्नायपर’ ही कथा होती. वाचायला घेतली की खाली ठेवता येत नाही अशी चार पानं. तुम्ही काय केलंत? फळ्यावर त्रिकोण काढलात, त्यावर प्रारंभ, विकास, उत्कर्षबिंदू, उतार, शेवट असं लिहिलंत आणि पोरांना ते उतरवून घ्यायला लावलंत. झालं कथानक शिकवून! हा त्रिकोण गुस्टाव्ह फ्रायटागने १८६३ साली नाटकांसाठी मांडला होता, हे तरी ठाऊक आहे का?

बरं, उत्कर्षबिंदू कुठला? झाडून सगळ्यांनी शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं. बंदूकधाऱ्याने मारलेला शत्रू त्याचाच सख्खा भाऊ निघाला, म्हणून. अहो, त्या वाक्यात नवीन काहीच घडत नाही, घडून गेलेलं फक्त कळतं. झुंज संपली ती समोरच्या गच्चीवरचा माणूस गोळी लागून रस्त्यावर कोसळला तिथे.

आणि ती सुरू कुठे झाली? सिगारेटपाशी. गच्चीवर दबा धरून बसलेला, सकाळपासून उपाशी असलेला तो बंदूकधारी पोरगा सँडविच खातो, व्हिस्कीचा घोट घेतो आणि काडी ओढावी की नाही, असा विचार करतो. धोका त्याला कळतो. तरी ओढतो. लगेच गोळी येऊन कठड्यावर आदळते. मग चिलखती गाडी येते, एक म्हातारी बोट दाखवून त्याचा ठावठिकाणा सांगते, तो गाडीतल्या सैनिकाला टिपतो, पळणाऱ्या म्हातारीलाही टिपतो. तेवढ्यात समोरच्या गच्चीवरून आलेली गोळी त्याच्या उजव्या हातात घुसते. हात निकामी झाला म्हणून रायफल उचलता येत नाही. नेम धरता येत नाही म्हणून रायफलच्या नळीवर टोपी ठेवून फसवायची युक्ती. हा मेला असं समजून शत्रू उभा राहतो, म्हणून पिस्तुलाला सावज मिळतं. यातली एक कडी काढून दाखवा, पुढचं कोसळतं की नाही बघा. तुम्ही मात्र तासभर एकच प्रश्न विचारलात: “मग काय झालं?” “का झालं?” हे एकाच्याही तोंडून आलं नाही.

आयर्लंडचं यादवी युद्ध तर तुम्ही ‘पार्श्वभूमी’ म्हणून दोन वाक्यांत उरकलंत. एका महाभागाने समोरच्या गच्चीवर इंग्रज शिपाई बसवला! कथेत फोर कोर्ट्‌स या न्यायालयाच्या इमारतीभोवती तोफा धडधडताहेत. हे जून १९२२ चं डब्लिन आहे. इंग्रजांशी झालेला तह आयरिश संसदेने ७ जानेवारी १९२२ रोजी ६४ विरुद्ध ५७ मतांनी स्वीकारला आणि इंग्रजांविरुद्ध खांद्याला खांदा लावून लढलेली सेना दुभंगली. तहविरोधी सैनिकांचा एक पुढारी रोरी ओकॉनर हा तहाच्या बाजूच्या केव्हिन ओहिगिन्सच्या लग्नात नवरदेवाचा पाठराखा होता. डिसेंबर १९२२ मध्ये ओकॉनरला गोळ्या घालण्याचा निर्णय ज्या मंत्रिमंडळाने घेतला, त्यात ओहिगिन्स मंत्री होता. पुढच्याच महिन्यात ही कथा छापून आली. ओफ्लाहर्टी स्वतः तहविरोधकांच्या बाजूचा. आपल्याच माणसांमधलं हे वैर त्याला कल्पनेतून काढावं लागलं नव्हतं.

हे सांगितलं नाहीत, तर तो शेवट जत्रेत हरवलेल्या भावांच्या सिनेमासारखा योगायोग ठरतो. मुलं हसली ती त्यामुळेच. दोष मुलांचा नाही. शेवटाच्या जरा आधी तो बंदूकधारी मनाशी म्हणतो, हा मेलेला माणूस फुटीपूर्वी आपल्याच तुकडीत तर नसेल? कथेचा पुढचा सगळा भार त्या विचारावर आहे, आणि तुमच्यातल्या एकानेही तो वाचून दाखवला नाही. कारण त्रिकोणात त्याला जागा नव्हती!

उद्याचा पाठ नव्याने. त्रिकोण काढायचा नाही. रायफल खाली पडते तिथे वाचन थांबवा आणि मुलांना विचारा: सिगारेट ओढली नसती तर? उत्तरं त्यांना देऊ द्या, तुम्ही मध्ये तोंड घालू नका. तहाची हकिगत शेवटचं पान उलटण्याआधी सांगा, नंतर नाही. नवं पाठटाचण सकाळी आठच्या आत माझ्या टेबलावर हवं. त्यावर माझी सही नसेल, त्याने वर्गावर जाऊ नये.