मारुतीराया, पेठेची ईर्षा राख

मारुतीराया, कोल्हापुरात तालीम म्हटली की शेंदरात माखलेला तू आलासच. मंगळवार पेठेत तू, शिवाजी पेठेतही तूच. सामन्याच्या दुपारी मंगळवार पेठेतल्या पाटाकडील तालमीचा गोलकीपर तुझ्यापुढं नारळ फोडतो, आणि त्याच वेळी पलीकडच्या पेठेत शिवाजी तरुण मंडळाची पोरंही तुझ्याच पाया पडत असतात. पोटापाण्यासाठी मी म्हैसूरकडं आलो, वरुणा तळ्याच्या बाजूला राहिलो. तरी फुटबॉलचा हंगाम लागला की माझं मागणं तुझ्याकडंच येतं.

आधी तुझे उपकार मानतो. शाहू महाराजांनी तालमींना हात दिला, आणि त्याच तालमींच्या पोरांनी पुढं फुटबॉलही आपला केला. 1940 साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन उभी राहिली. तरी संघांची नावं तालमींचीच राहिली: पाटाकडील, बालगोपाल, खंडोबा, दिलबहार. आयर्लंडात हर्लिंग या काठी-चेंडूच्या खेळाचे क्लब असेच चर्चच्या गावकीवर उभे आहेत म्हणे, आणि पोरं बिनपगारी खेळतात. त्यांचाही सांभाळ कर.

माझी आई शिवाजी पेठेची, वडील मंगळवार पेठेचे. दोन्ही संघ समोरासमोर आले की आई देवापुढं वात लावायची. कुणासाठी, हे वडिलांनी कधी विचारलं नाही. आम्ही पाटाकडीलवाले जिंकलो की संध्याकाळी दारावरून हलगी जायची, गुलालानं उंबरा लाल व्हायचा, आणि आई पदर खोचून मुकाट भाकरी थापत राहायची. दुसऱ्या दिवशी सकाळीच मामा यायचे. "पेनल्टी नव्हतीच ती, भावजी," एवढंच बोलायचे. आई पहिला चहा त्यांच्या हातात द्यायची. वडील मान खाली घालून पेपर वाचत बसायचे. त्या घरात मी ईर्षा शिकलो आणि माया पण तिथंच शिकलो. दोन्ही माझ्यात तशाच राहू देत.

पण देवा, शाहू स्टेडियमवर दगड उडाले की मला इथं झोप लागत नाही. सामना थांबतो, लाठ्या निघतात, आणि कुणाचं तरी कोवळं पोर डोकं फुटून घरी जातं. इथं विजयादशमीला म्हैसूरच्या राजवाड्यात जेट्टी पैलवानांची वज्रमुष्टीची लढत होते. मुंडण केलेले मल्ल, मुठीत वज्रनखाचं हत्यार. डोक्यावर रक्ताचा पहिला थेंब दिसला की पंच लढत तिथंच सोडवतात. एवढ्या जहाल खेळालाही हद्द आहे. आमच्या गॅलरीतल्या पोरांना तेवढी हद्द दे. त्यांची आरोळी तशीच राहू दे, फक्त हातातला दगड काढून घे.

ही पोरं वाईट नाहीत, तूही जाणतोस. 2019 साली पंचगंगेचं पाणी वस्तीत घुसलं तेव्हा तालमींची पोरं कमरेएवढ्या पाण्यात उतरली, जेवण पोचवलं, म्हाताऱ्यांना खांद्यावर घेऊन बाहेर काढलं. दारात उभं राहिलेलं पोर कुठल्या पेठेचं, हे तेव्हा कोणी विचारलं नाही.

खेळणाऱ्यांकडंही बघ. आमचा अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून उतरला, तेव्हा सगळ्या पेठा एका बाजूला होत्या. पण त्याच्यासारखी वाट थोड्यांनाच सापडते. बाकीची पोरं दिवसभर राबून संध्याकाळी बूट बांधतात. पंचविशीत गुडघा गेला की नाव विसरलं जातं. त्यांच्या गुडघ्यात बळ घाल, हाताला काम दे, आणि खेळ सुटल्यावरही पेठेनं त्यांना ओळखावं असं कर.

आणि शेवटचं मागणं. यंदा फायनल पाटाकडील आणि शिवाजीचीच होऊ दे. शिवाजीवाले जीव तोडून खेळू देत, त्यांचा एकही खेळाडू जायबंदी नसू दे. आणि आम्हाला त्यांच्यापेक्षा एक गोल जास्त मारू दे.