आजच्यापुरतं

मी भित्रा माणूस आहे. कुत्रा, साहेब आणि इंजेक्शन या तिघांपुढे माझी छाती सारखीच आक्रसते. जन्म मात्र अहमदनगरच्या – म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या – प्रार्थनाशील ख्रिस्ती घरातला.

रोज दिवेलागणीला घरात प्रार्थना होई. आईची प्रार्थना म्हणजे गल्लीची खानेसुमारी. पाळकसाहेबांच्या गुडघेदुखीपासून शेजारच्या काकूंच्या म्हशीपर्यंत सगळ्यांसाठी नावनिशीवार विनवणी. तोवर मी गुडघ्यांवरच झोपलेला. गेथशेमाने बागेत प्रभू प्रार्थना करत असता शिष्य झोपी गेले, हे कळल्यापासून मला त्या शिष्यांविषयी फार आपलेपणा वाटतो.

शेवटी प्रभूची प्रार्थना. तिच्यात भाकर मागायची, ती आजच्यापुरती. हे मला खटके. वाणीसुद्धा महिन्याचं सामान एकदम देतो! मी आपला गुपचूप जन्मभराचं धैर्य एकरकमी मागून घेई, आणि दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी तोच कुत्रा उभा.

एकदा आईला विचारलंच. तिने 'निर्गम' उघडून मान्नाची गोष्ट काढली. इस्राएल लोकांना रानात आकाशातून अन्न मिळे, माणशी एक ओमर, त्या दिवसापुरतं. काही हुशार मंडळींनी उद्यासाठी राखून ठेवलं, तर सकाळी त्यात किडे! (शब्बाथाच्या आदल्या दिवशी मात्र दुप्पट. सुटीची सोय तिथंही होती.) "धैर्याचंही तसंच रे बाबा, साठवलं की नासतं," आई म्हणाली. मला काही पटलं नाही.

पुढे ऑफिसातल्या एका मित्राने विचारलं, "रोज देवापुढे हात पसरणारा माणूस धीट कसा?" प्रश्न बिनतोड होता. मला आई आठवली. तीही भित्रीच. बाबांना यायला उशीर झाला की तिचे हात थरथरत. ती प्रार्थना करी, आणि तशाच थरथरत्या हातांनी कंदील उचलून त्यांना शोधायला निघे. कंदील हलताना मी पाहिलाय. पण ती घरात बसून राहिलेली कधी पाहिली नाही.

मग हिचं ऑपरेशन ठरलं. आदल्या रात्री इस्पितळात तिच्या खाटेशी बसून मी भारदस्त प्रार्थना जुळवायला लागलो. हिला बरं कर, म्हणजे मी सिगारेट सोडतो, दशमांश देतो – भाजीवालीशी करावी तशी घासाघीस. काही केल्या शब्द धड लागेनात. शेवटी तोंडात बसलेली तीच रोजची प्रार्थना सुरू केली. भाकरीपाशी आलो आणि थांबलो. उद्याचं ऑपरेशन तिच्यात कुठंच नव्हतं. होती ती फक्त ही रात्र. तेवढी आपल्याच्याने निभेल असं वाटलं.

सकाळी स्ट्रेचर आलं. माझे पाय लटपटत होते, तरी दारापर्यंत तिचा हात धरून चाललो.

"रात्री प्रार्थना करता करता घोरायला लागलात," ही म्हणाली.

"आमेन म्हटलं होतं ना मी?"

"मी म्हटलं," ती म्हणाली, आणि दार लागलं.